स्लीपमधून न उठणारा लॅपटॉप : दुरुस्तीच्या नोंदी

८ जून

ताईचा लॅपटॉप हातात घेतला. तक्रार एका ओळीची, "झाकण उघडलं तरी उठत नाही", आणि मग पॉवर बटण दाबून धरून बंद करायचा, परत चालू करायचा, उघडी असलेली सगळी कामं गेली. ती प्रबंध लिहितेय, त्यामुळं आता झाकण बंद करायलाच घाबरते, दिवसभर स्क्रीन चालू ठेवते. हे काही खरं नाही, ह्याचं कारण सापडलंच पाहिजे.

हात लावायच्या आधी तिला भरपूर प्रश्न विचारले, कारण "उठत नाही" ह्या एका तक्रारीखाली वेगवेगळे आजार असतात. एक म्हणजे तो मुळात झोपलाच नव्हता, बॅगेत तापत राहिला आणि बॅटरी संपून मेला. दुसरा म्हणजे नीट झोपला पण परत येताना अडकला. आणि तिसरा, जो सगळ्यात जास्त फसवतो, म्हणजे तो उठलाय, पण त्याचा एखादा भाग उठलेला नाही (स्क्रीन, कीबोर्ड, वायफाय, काहीही) आणि आपल्याला बाहेरून तो मेल्यासारखा दिसतो. तिन्हींचा इलाज वेगळा, आणि लोक सरसकट ड्रायव्हर अपडेट करत बसतात.

ताईकडून कळलेलं: लॅपटॉप तापलेला नसतो, बॅटरीही जवळपास तेवढीच असते जेवढी झोपताना होती. कधी स्क्रीन काळी, कधी लॉक स्क्रीन दिसते, माऊससुद्धा हलतो, पण पासवर्ड टाकून एंटर मारलं की थिजतो. ऑफिसात कधीच होत नाही, घरी होतं, रोज नाही पण बऱ्याचदा.

ऑफिस आणि घर हा फरक ठळक करून ठेवतो. ऑफिसात डॉक (लॅपटॉपला मॉनिटर वगैरे जोडायचा डबा) असतो, बाहेरचा मॉनिटर असतो, घरी नुसता लॅपटॉप. ह्या फरकातच कुठंतरी उत्तर असणार.

९ जून

आधी पाया बघितला. मशीनवर लिनक्स आहे, बायॉस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर) अलीकडचं आहे. सिस-पॉवर फोल्डरमधली मेम-स्लीप फाइल वाचली तर दोन पर्याय दिसतात, एस-टू-आयडल आणि डीप, आणि कंस डीपला आहे, म्हणजे डीप वापरात आहे.

डीप म्हणजे जुना एस-३. एसीपीआय हे वीज-व्यवस्थापनाचं स्पेसिफिकेशन इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने १९९६ साली आणलं, त्यात झोपेच्या पायऱ्या ठरवल्यात, त्यातली ही तिसरी. एस-३ मध्ये रॅमला तेवढी वीज मिळत राहते, बाकी सीपीयू, डिस्क, बहुतेक सगळं बंद. उठताना आधी बायॉस जागं होतं, ते कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) हाक मारतं आणि मग कर्नल एकेका डिव्हाइसला उठवत जातो. एस-टू-आयडलमध्ये असं काही नसतं, तिथं सीपीयू नुसता खोल आयडलला जातो आणि बायॉसचा संबंध फारसा येत नाही. नवीन बऱ्याच लॅपटॉपमध्ये एस-३ काढूनच टाकलंय, ह्यात आहे.

मग आधीच्या बूटचा जर्नल (सिस्टिमचा लॉग) उघडला. ज्या ज्या वेळी अडकला त्या प्रत्येक बूटची शेवटची ओळ तीच, "पीएम: सस्पेंड एंट्री (डीप)". त्यापुढं काही नाही, एक्झिटची ओळच नाही.

सहज वाटेल की म्हणजे झोपेतच मेला, पण मी ते मान्य करत नाहीये. जर्नल लिहिला जातो डिस्कवर, आणि साध्या ओळी जर्नल-डी (तो लिहिणारा प्रोग्रॅम) लगेच डिस्कवर ढकलत नाही, डीफॉल्टला ५ मिनिटांची मुदत असते, त्यात पॉवर बटण दाबून वीजच तोडली तर शेवटचं काय काय राहिलं असेल सांगता येत नाही. लॉगमध्ये ओळ नसणं हा पुरावा धरायचा नाही. एवढंच लिहून ठेवतो.

१० जून

आज पीएम-टेस्ट. ही सोय फार कमी लोक वापरतात आणि मला ती फार आवडते. सिस-पॉवरमध्येच पीएम-टेस्ट नावाची फाइल असते, त्यात एक शब्द लिहायचा आणि मग नेहमीसारखं सस्पेंड करायचं. मशीन तेवढ्या पायरीपर्यंत जातं, ५ सेकंद थांबतं आणि आपोआप परत येतं. फ्रीझर म्हणजे फक्त प्रोग्रॅम गोठवायचे. डिव्हाइसेस म्हणजे त्यानंतर ड्रायव्हरही झोपवायचे. मग प्लॅटफॉर्म, मग प्रोसेसर्स, मग कोअर. जिथं अडकेल तिथं दोष, जिना उतरताना कुठली पायरी मोडकी आहे ते एकेक पाय टाकून बघण्यासारखं.

सगळ्या पायऱ्या पास! परत परत करून बघितल्या, पास.

मग खरी झोप, पण अलार्म लावून. आरटीसी-वेक नावाची कमांड असते, ती घड्याळाच्या चिपला सांगून ठेवते की इतक्या सेकंदांनी उठव. ३० सेकंद, २ मिनिटं, मग जेवायला गेलो तेव्हा अर्धा तास. दरवेळी सुरळीत उठला. झाकण बंद करून, झाकण उघडं ठेवून, दोन्ही.

एकदाही बिघाड घडवून आणता आला नाही. लॅपटॉप माझ्या टेबलावर शहाण्यासारखा वागतोय आणि जोपर्यंत तो माझ्यासमोर अडकत नाही तोपर्यंत काहीही बदलायचं नाही, कारण बदललं आणि बरा झाला तर कशानं झाला ते कळणारच नाही.

११ जून

पीएम-ट्रेस वापरायचा का ह्याचा विचार केला. ह्यात कर्नल उठताना प्रत्येक टप्प्याची खूण घड्याळाच्या चिपमध्ये लिहीत जातो, अडकल्यावर रीस्टार्ट करून लगेच डीमेसेज (कर्नलचे संदेश) बघितला की कुठल्या डिव्हाइसपाशी थांबला त्याची हॅश जुळते. हुशार युक्ती आहे, पण तारीख-वेळ पार बिघडते, त्यामुळं ब्राउझर सर्टिफिकेटवर ओरडतो, बॅकअपच्या तारखा चुकतात. ताईच्या कामाच्या मशीनवर आत्ताच नको. इतर मार्ग संपले तर.

१२ जून

ताईला म्हटलं एक दिवस नेहमीसारखा वापर, फक्त अडकला की बटण दाबू नकोस, मला हाक मार. संध्याकाळी हाक आली, "ये लवकर, झालाय तसाच."

लॉक स्क्रीन दिसतेय, माऊस हलतोय, पासवर्ड टाकला की काही नाही. आता बघायच्या गोष्टी, ह्याच क्रमाने:

कॅप्स लॉक दाबलं, दिवा लागतो, परत दाबलं, विझतो. म्हणजे कर्नल जिवंत आहे. पूर्ण हँग असता तर दिवा बदललाच नसता. कुठल्याही न उठणाऱ्या लॅपटॉपवर ही पहिली तपासणी करावी, एक सेकंद लागतो आणि अर्धे संशयित बाद होतात.

दुसऱ्या मशीनवरून पिंग केला (नेटवर्कवरून "आहेस का" विचारलं), उत्तर येतंय! वायफायसुद्धा उठलंय.

एसएसएच केलं, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून लॉगिन. जोडलं जातं आणि तिथंच लटकतं, पासवर्ड विचारायच्या आधीच.

इथं मी खुर्चीत नीट सरसावून बसलो. पिंगला उत्तर देतो तो कर्नल स्वतः, रॅममधूनच, त्याला कुठलीही फाइल उघडावी लागत नाही. एसएसएचला मात्र नवीन प्रोसेस सुरू करावी लागते, फाइली वाचाव्या लागतात. लॉक स्क्रीनचंही तेच, चित्र दाखवायला काही लागत नाही कारण ते आधीच मेमरीत आहे, पासवर्ड तपासायला मात्र डिस्कवरून वाचावं लागतं. जे जे डिस्कशिवाय चालतं ते सगळं चालू आहे आणि जिथं जिथं डिस्क लागते तिथं सगळं थिजलंय.

डिस्क उठत नाहीये.

आणि म्हणूनच लॉगमध्ये एकही ओळ नव्हती. ज्या डिस्कवर लॉग लिहायचा तीच गायब, तर लिहिणार कुठं.

आज इथंच थांबतो. स्क्रीनची केबल, ग्राफिक्स ड्रायव्हर, झाकणाचा मॅग्नेट सेन्सर, हे सगळे यादीतून काढले.

१४ जून

आता पुरावा डोळ्यांनी बघायचा होता. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून साध्या टेक्स्ट कन्सोलवर गेलो, तिथं लॉगिन केलं, डीमेसेज फॉलो मोडमध्ये चालू करून ठेवला. हा प्रोग्रॅम आधीच मेमरीत असल्यामुळं डिस्क गेली तरी तो बोलत राहतो. ज्या कमांड नंतर लागतील त्या आधीच रॅममधल्या फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवल्या, डेव्ह-एसएचएममध्ये, कारण डिस्क गेल्यावर साधं एलएससुद्धा इनपुट-आउटपुट एरर देतं.

आणि चार्जर काढला. ऑफिसातला डॉक चार्जिंगही करतो ना! आतापर्यंत मी डॉक म्हटलं की मॉनिटरचा विचार करत होतो, पण डिस्कवर संशय आल्यावर मॉनिटरचा काय संबंध, वीज कुठून येते हा फरक जास्त जवळचा वाटला. आणि माझ्या टेबलावरही चार्जर लावलेलाच होता.

बॅटरीवर झोपवला, उठवला, आणि समोर ओळी धडाधड आल्या. आधी, एनव्हीएमई डिव्हाइसला (म्हणजे डिस्कला) डी-३-कोल्डमधून (वीज तोडलेली अवस्था) डी-शून्यमध्ये (पूर्ण चालू) आणता आलं नाही, डिव्हाइस इनॅक्सेसिबल. मग, कंट्रोलर इज डाउन, विल रीसेट, आणि स्टेटस रजिस्टरची किंमत सगळे एफ. मग रीसेट फेल, एरर मायनस १९, म्हणजे असं डिव्हाइसच नाही. आणि त्यामागोमाग ईएक्सटी-४ च्या (डिस्कवरच्या फाइल सिस्टिमच्या) एररची रांग.

ते सगळे एफ महत्त्वाचे. पीसीआय-एक्सप्रेसवर (डिस्कसारखी डिव्हाइस सीपीयूला जोडणारी बस) एखाद्या डिव्हाइसचं रजिस्टर वाचायला गेलो आणि तिकडून उत्तरच आलं नाही तर सगळे बिट १ वाचले जातात. म्हणजे ही डिस्कने सांगितलेली एरर नव्हे, तिकडं कुणी बोलतच नाहीये. डिस्क बसवर नाही.

ह्याच ओळींमध्ये कर्नल स्वतः सल्लाही छापतो, तुमच्या डिव्हाइसमध्ये सदोष पॉवर सेव्हिंग मोड चालू आहे का, अमुक अमुक पॅरामीटर लावून बघा. मला हे फार भावतं, कुणीतरी ड्रायव्हर लिहिताना पुढच्या अडलेल्या माणसाचा विचार करून ही ओळ घातलीय. पण सल्ला सरसकट आहे, एनव्हीएमईची स्वतःची पॉवर सेव्हिंग बंद करा आणि एएसपीएम (बसवरच्या लिंकची पॉवर सेव्हिंग) पूर्ण बंद करा. तसं केलं तर बॅटरीवर परिणाम होणार आणि नेमकं कारणही कळणार नाही.

ताईला विचारलं डिस्क बदलली होती का. हो, जागा कमी पडत होती म्हणून मोठी टाकून घेतली होती. त्रास त्यानंतरच सुरू झाला का, तर आठवून म्हणाली, "हो रे, साधारण तेव्हापासूनच."

१५ जून

आज दुरुस्ती नाही, फक्त बॅकअप. झोपेतून उठताना डिस्क गायब होतेय आणि वर पॉवर बटणाने वीज तोडली जातेय, अशा डिस्कवर प्रबंधाची एकमेव प्रत असणं धोक्याचं आहे. पूर्ण इमेज बाहेरच्या डिस्कवर घेतली, प्रबंधाचं फोल्डर वेगळंही ठेवलं, ते दुसऱ्या मशीनवर उघडून बघितलं. मग लाइव्ह यूएसबीवरून बूट करून फाइल सिस्टिम तपासली, किरकोळ दुरुस्त्या निघाल्या, डेटा शाबूत आहे.

डिस्कचा स्मार्ट लॉग (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) वाचला. मीडिया एरर शून्य, स्पेअर (राखीव जागा) १०० टक्के, म्हणजे डिस्क आतून चांगली आहे. पण अनसेफ शटडाउन्स नावाचा आकडा असतो, डिस्कला न सांगता वीज गेली असं किती वेळा झालं त्याचा, तो इतक्या नव्या डिस्कला शोभणार नाही एवढा मोठा. ताईने जितक्या वेळा बटण दाबून धरलं तो हिशोब डिस्कने ठेवलाय. लॉगमध्ये जे कधी लिहिलंच गेलं नाही त्याचा माग इथं उरलाय. हा आकडा टिपून ठेवला, पुढं उपयोगी पडेल.

१६ जून

बॅटरीवरच का? पॉवर मॅनेजमेंटचं जे टूल बसवलेलं आहे त्याची कॉन्फिग फाइल उघडली. चार्जरवर पीसीआय-एक्सप्रेस एएसपीएम डीफॉल्ट, बॅटरीवर पॉवर-सुपर-सेव्ह. बॅटरी जास्त टिकावी म्हणून कधीतरी कुणीतरी लिहिलेली ओळ, जुन्या डिस्कबरोबर ती निमूट चालत होती.

एएसपीएम म्हणजे डिस्क आणि सीपीयू यांच्यामधली लिंकच रिकाम्या वेळात झोपवायची. एल-वन ही नेहमीची झोप, आणि तिच्या आत आणखी दोन उप-पायऱ्या, एल-१.१ आणि एल-१.२. १.२ मध्ये लिंकची बरीचशी विजेची यंत्रणाच बंद होते, वीज सगळ्यात जास्त वाचते पण परत उठताना दोन्ही बाजूंची वेळ जुळावी लागते. पॉवर-सेव्हमध्ये साधी एल-वन येते, पॉवर-सुपर-सेव्हमध्ये ह्या उप-पायऱ्यासुद्धा चालू होतात.

आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं.

आधी फक्त एनव्हीएमईची स्वतःची पॉवर सेव्हिंग बंद (डीफॉल्ट-पीएस-मॅक्स-लेटन्सी शून्य). बॅटरीवर झोप, उठव. अडकला. म्हणजे ती निर्दोष, परत चालू केली.

मग एएसपीएम पॉलिसी बॅटरीवरही डीफॉल्ट. उठला, कितीही वेळा करा, उठतो.

मग पॉलिसी परत सुपर-सेव्ह, आणि फक्त ह्या एका डिस्कच्या लिंकवर एल-१.२ बंद. नव्या कर्नलमध्ये प्रत्येक पीसीआय डिव्हाइसच्या सिस फोल्डरात लिंक नावाचं फोल्डर असतं, त्यात प्रत्येक पायरीची वेगळी फाइल, शून्य लिहिलं की तेवढीच पायरी बंद. उठतो! एल-१.१ चालू, बाकी सगळ्या डिव्हाइसची पॉवर सेव्हिंग चालू, फक्त ही एक पायरी बंद आणि लॅपटॉप उठतो. परत १ लिहिलं, अडकला. परत शून्य, उठला.

चालू-बंद करून दोन्ही बाजूंनी सिद्ध झालं की मगच मी कारण सापडलं म्हणतो.

आणखी एक तपासलं, चार्जर नक्की कधी हवा? बॅटरीवर झोपवून मग चार्जर लावून उठवला तर अडकतो. चार्जरवर झोपवून चार्जर काढून उठवला तर उठतो. म्हणजे झोपी जाताना लिंक कुठल्या सेटिंगमध्ये होती ह्यावर सगळं ठरतं. ताईला "रोज नाही पण बऱ्याचदा" असं का वाटत होतं तेही सुटलं, घरीही कधी चार्जर लावलेला असायचा, कधी नसायचा.

१७ जून

डिस्कच्या फर्मवेअरला (आतल्या सॉफ्टवेअरला) अपडेट आहे का बघितलं, एफडब्ल्यूयूपीडीमध्येही (लिनक्सचं फर्मवेअर अपडेट करायचं टूल) आणि बनवणाऱ्यांच्या टूलमध्येही. नाही. डिस्क सदोष की लॅपटॉपचं बायॉस सदोष हे मी ठरवणार नाही, दोघं एकटेएकटे ठीक असू शकतात आणि जोडी जमत नसू शकते.

कायमचा उपाय म्हणून यूडेव्हचा (डिव्हाइस दिसलं की ठरलेलं काम करणारी लिनक्सची सोय) नियम लिहिला, डिस्क दिसली की तिच्या लिंकवर एल-१.२ बंद. नियमात स्लॉटचा पत्ता टाकला नाही, व्हेंडर आणि डिव्हाइसचा आयडी टाकला, म्हणजे उद्या दुसरी डिस्क बसवली तर हा नियम तिला उगाच लागू होणार नाही. टूलने पॉलिसी बदलली की आपलं शून्य टिकतं का हेही बघितलं, चार्जर लावून-काढून, झोपवून-उठवून. पॉलिसी बदलली की पुसलं जातं! म्हणून चार्जर बदलल्यावरही तोच नियम परत चालेल असं केलं, शिवाय सिस्टिम-डीच्या स्लीप फोल्डरात छोटी स्क्रिप्ट ठेवली, झोपायच्या आधी "प्री" असा शब्द येतो तेव्हा ती परत शून्य लिहिते. दुहेरी बंदोबस्त, पण झोपायच्या क्षणी सेटिंग बरोबर असणं हेच ह्या सगळ्याचं मर्म आहे, तिथं ढिलाई नको.

बॅटरीवर परिणाम? झोपेत काहीच नाही, एस-३ मध्ये लिंक तशीही बंद असते. जागेपणी पॉवरटॉपमध्ये (विजेचा खर्च दाखवणारं टूल) किंचित जास्त खर्च दिसतो, ताईला तो मान्य आहे. झाकण निर्धास्त बंद करता येणं तिला जास्त मोलाचं.

१९ जून

ताईच्या मैत्रिणीचाही लॅपटॉप असंच करतो म्हणे, तिच्याकडं विंडोज. लांबूनच मदत केली. विंडोजवर पहिली कमांड पॉवर-सीएफजी स्लॅश ए, ह्या मशीनला झोपेचे कुठले प्रकार येतात ते सांगते. तिच्याकडं एस-३ होतं. मॉडर्न स्टँडबायचं (एस-३ ऐवजी नवीन पद्धतीच्या झोपेचं) मशीन असेल तर पॉवर-सीएफजी स्लीप-स्टडीचा रिपोर्ट काढायचा, झोपेत कुणी किती वीज खाल्ली ते त्यात दिसतं.

माझ्या शोधाशी जुळणारी सेटिंग विंडोजमध्येही आहे, पॉवर ऑप्शन्समध्ये पीसीआय एक्सप्रेस, त्यात लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट, ऑफ, मॉडरेट आणि मॅक्सिमम. बॅटरी आणि चार्जरसाठी वेगवेगळी. पण तिला ती आधी बदलू दिली नाही, आधी कॅप्स लॉकचा दिवा बघ म्हटलं. दिवा बदलत नाही. म्हणजे हा वेगळाच आजार, पूर्ण हँग, डिस्कचं प्रकरण नव्हे. तिला बायॉस अपडेट, मग मेमटेस्ट (रॅमची तपासणी), ह्या वाटेनं जायला सांगितलंय, कारण एस-३ मध्ये रॅम स्वतःचं स्वतः रीफ्रेश करत असते आणि काठावरची रॅम एरवी चालून नेमकी तिथं घसरू शकते. तिची नोंद वेगळी ठेवेन.

२२ जून

रात्रभर लूप लावला होता, बॅटरीवर, आरटीसी-वेकने, मधलं अंतर कमीजास्त करत, प्रत्येक उठण्यानंतर डिस्कवर एक फाइल लिहून ती परत वाचून बघायची. सकाळी सगळ्या फाइली जागेवर, डीमेसेजमध्ये एनव्हीएमईची एकही एरर नाही. स्मार्ट लॉगमधला अनसेफ शटडाउन्सचा आकडा लूप लावायच्या आधी होता तेवढाच आहे.

लॅपटॉप ताईला परत दिला. तिनं माझ्यासमोर झाकण बंद केलं, उघडलं, पासवर्ड टाकला आणि थेट प्रबंधाच्या अर्ध्या वाक्यावर जाऊन पुढं टाइप करायला लागली.

कर्नलच्या बगझिलावर (बिघाड कळवायची साइट) रिपोर्ट टाकला: डिस्कचा आणि ती ज्याला जोडलीय त्या ब्रिजचा पूर्ण एलएस-पीसीआय (पीसीआय डिव्हाइसची माहिती), डीमेसेज, चार्जरचे चारही प्रकार आणि कुठल्या पायरीने फरक पडतो ते. ज्या मॉडेलला कर्नलमध्ये कायमची सवलत लागते त्यांची क्वर्क म्हणून यादी असते, ही जोडी तिथं गेली तर पुढच्या कुणाला हे सगळं करावं लागणार नाही.

उरलेलं काम: नवीन कर्नल किंवा बायॉस आलं की नियम आणि स्क्रिप्ट दोन्ही तात्पुरतं काढून बॅटरीवर तीच रात्रीची टेस्ट परत. बॅकअप दर आठवड्याला, तो मात्र डिस्क सुधारली तरी चालूच ठेवायचा.